चऱ्होलीच्या आण्णांचं मशीन

‘‘पाच मिन्टं पळतंय, मंग म्हशीवानी बसतंय. तुमी ईकलंय काय मला?’’

फोनवर चऱ्होलीचे आण्णा होते. दसऱ्याला नवीन डेस्कटॉप घेऊन गेलेले. दसरा होऊन आठवडा झाला नव्हता. मी दुकानाच्या काउंटरवर एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात एका गिऱ्हाइकाचा कीबोर्ड घेऊन उभा होतो.

‘‘आण्णा, बसतंय म्हणजे बंद पडतंय का?’’

‘‘बंद न्हाई पडत. चित्र अडकतं. टॅक्टर फुडं जातो, थांबतो, एकदम उडी मारतो. तास वाकडं जातंय माजं.’’

तास म्हणजे नांगराची रेघ. आण्णा कॉम्प्युटरवर शेतीचा गेम खेळतात. त्यात ट्रॅक्टर असतो, नांगर असतो, पेरणी असते. नातवानं लावून दिला आणि तो शिकायला बाहेरगावी गेला. आण्णांची जमीन चऱ्होलीलाच होती. तिथे आता बारा मजल्यांच्या इमारती आहेत. घरात पैसा आला, काम गेलं. गेमसाठी त्यांनी खरं स्टिअरिंग आणि पायाखालचे पेडलसुद्धा घेतले होते. आमच्या दुकानातून त्या दसऱ्याला गेलेलं सगळ्यांत भारी मशीन त्यांचं होतं.

मी चिंचवडला एका कॉम्प्युटर दुकानात सर्व्हिस इनचार्ज आहे. अकरा वर्षं झाली. मूळचा मराठवाड्यातल्या भूमचा. वडील एसटी डेपोत गाड्या धुवायचे. बार्शीच्या कॉलेजातून बीएस्सी झालो, घराण्यातला पहिला पदवीधर. कॉलेजच्या प्रॅक्टिकलला आठ जणांत एक कॉम्प्युटर होता, त्यामुळे पदवी हातात आली तरी कॉम्प्युटर आतून कसा दिसतो ते मी पाहिलेलं नव्हतं. ते कुलथे सरांनी दाखवलं. सर म्हणजे दुकानाचे मालक. स्क्रू ड्रायव्हर कसा धरायचा, इथपासून त्यांनी मला शिकवलं. माझ्या लग्नाला एसटीनं भूमपर्यंत आले होते. हे आधीच सांगतो, कारण पुढे जे झालं त्यात याचा संबंध आहे.

त्या दिवशी दुपारी मी चऱ्होलीला गेलो.

नवीन मशीनवर गेम नीट चालत नसेल तर आम्ही ठरलेल्या क्रमानं बघतो. पहिली केबल. कॉम्प्युटरच्या मागे स्क्रीनची केबल लावायला दोन जागा असतात. एक मदरबोर्डची, म्हणजे मुख्य सर्किटची, आणि एक चित्रं तयार करणाऱ्या ग्राफिक्स कार्डची. चुकून पहिल्या जागी लावली तर महागडं कार्ड नुसतं बसून राहतं. दहातल्या चार तक्रारी इथंच मिटतात. आण्णांची केबल बरोबर होती. मग स्क्रीनची सेटिंग. स्क्रीन सेकंदाला एकशे चव्वेचाळीस चित्रं दाखवू शकत होती, पण सेटिंग साठवर होती. ती बदलली. मग ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर. ते नवीन टाकलं.

‘‘आता चालवा, आण्णा.’’

आण्णा खुर्चीत बसले. स्टिअरिंगला आधी हात लावून नमस्कार केला. गेम सुरू झाला. कोपऱ्यात मी एफपीएसचा आकडा लावून ठेवला होता. एफपीएस म्हणजे सेकंदाला किती चित्रं बदलतात. साठच्या वर असलं की हालचाल पाण्यासारखी वाटते. तीसच्या खाली आलं की डोळ्याला टोचतं. आकडा नव्वद होता. आण्णांनी नांगर टाकला. पाच मिनिटांनी आकडा पन्नासवर आला, मग तीस, मग अठरा. ट्रॅक्टर अडकायला लागला.

‘‘हे बघ,’’ आण्णा म्हणाले. ‘‘आमच्या सर्ज्यानं असं केलं असतं तर घाटातच इकला असता.’’

सर्जा त्यांचा शर्यतीचा बैल, आणि घाट म्हणजे शर्यतीची धावपट्टी. तो आता नव्हता. बैलगाडा शर्यतीतल्या ढाली मात्र होत्या, काचेच्या सागवानी शोकेसमध्ये रांगेनं. आणि त्याच शोकेसच्या खालच्या खणात, काचेचं दार लावून, कॉम्प्युटर ठेवला होता. कॉम्प्युटरच्या कॅबिनेटच्या काचेवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. त्या प्लास्टिकवर कुंकवाचं स्वस्तिक होतं.

मी तापमान बघितलं. प्रोसेसर अठ्ठ्याण्णव अंशांवर. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा विचार करणारा भाग. तो शंभराच्या जवळ गेला की जळू नये म्हणून स्वतःच हळू होतो. चित्र अडकतं ते त्यामुळे.

‘‘आण्णा, याला हवाच मिळत नाहीये. बंद कपाटात ठेवलंय तुम्ही.’’

‘‘धूळ बसंल म्हून ठिवलंय. समोरच्या टॉवरचं काम चालू हाय, सगळी शिमेट घरात येती.’’

‘‘पण मागून गरम हवा जायला जागा पाहिजे.’’

‘‘व्हय?’’ त्यांनी शोकेसकडे बघितलं. ‘‘सुताराला बोलवतो मंग.’’

मी दार उघडं ठेवायला सांगितलं, गेमची सेटिंग थोडी खाली आणली आणि निघालो. मशीन बाहेर काढून, कपाटाबाहेर चालवून बघितलं नाही. मागच्या पंख्यापुढे हात धरून बघितला नाही. समोर चूक दिसत होती आणि ती गिऱ्हाइकाची होती. आमच्या धंद्यात अशी चूक सापडली की माणूस पुढे शोधत नाही.

चार दिवसांनी परत फोन. या वेळी मला नाही, थेट सरांना.

सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ‘‘दिगंबर, काय सांगून आलास तू आण्णांना? त्यांनी सुतार बोलावून सागवानी शोकेसची पाठ कापून काढली. तरी मशीन तसंच आहे म्हणतायत.’’



‘‘त्यांच्या पुतण्याच्या बिल्डर ऑफिसचं सगळं काम आपल्याला मिळायचंय,’’ सर म्हणाले. ‘‘जा आणि आज मिटवून ये.’’

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा शोकेसला मागून मोठं भगदाड होतं. ढाली काढून दिवाणावर ठेवलेल्या. आण्णांच्या सूनबाईंनी पाणी दिलं आणि ढाली पुसायला घेतल्या. मी मशीन बाहेर काढून टेबलावर ठेवलं, बाजूची काच उघडली, गेम लावला. दोनच मिनिटांत प्रोसेसर शंभरावर. उघड्या हवेत, पंखा डोक्यावर फिरत असताना.

मग मी मागून येणाऱ्या हवेपुढे हात धरला. हवा गार होती.

प्रोसेसरच्या डोक्यावर कूलर बसवलेला असतो. धातूचा तळ, त्यावर पातळ पत्रे, त्यावर पंखा. प्रोसेसरची उष्णता तळातून पत्र्यांत जाते आणि पंखा ती बाहेर फेकतो. प्रोसेसर शंभरावर असेल तर पत्रे चांगले तापायला हवेत. मी बोट लावलं. कोमट. म्हणजे चूल पेटलेली आणि वरचा तवा गार. याचा अर्थ एकच. तवा चुलीवर टेकलेलाच नाही, किंवा मध्ये काहीतरी आहे.

मध्ये काय असणार, ते मला त्याच क्षणी कळलं.

‘‘आण्णा, मशीन दुकानात न्यावं लागेल.’’

‘‘शोकेस उगंच फाडलं म्हन की मंग.’’

मी केबल काढल्या. मशीन खोक्यात भरलं आणि रिक्षानं चिंचवडला आणलं. वाटेभर मला खंडेनवमीचा दिवस आठवत होता.

आमच्याकडे दसऱ्याला मशीन नेणारे पुष्कळ असतात. त्या वर्षी बारा मशीन सकाळच्या मुहूर्तावर जायची होती. आणि त्यातल्या बहुतेकांची एकच अट असते. मशीन घरी पूजा झाल्यावरच पहिल्यांदा चालू करायचं. त्याआधी कुणी बटण दाबायचं नाही. आण्णांनी तर येऊन बजावून सांगितलं होतं, ‘‘शिळं मशीन नको मला. पयलं बटान माज्या हातनं.’’ आता नियम असा, की प्रत्येक नवीन मशीन आम्ही चार तास जोरात चालवून बघतो. त्याला स्ट्रेस टेस्ट म्हणतात. कुठे काही सैल असेल, तापत असेल, तर त्या चार तासांत कळतं. पण दसऱ्याच्या मशीनची टेस्ट करायची नाही असं सरांनी सांगितलं. गिऱ्हाइकाला कॉम्प्युटरमधल्या नोंदीत दिसतं म्हणे, मशीन आधी चालू झालेलं. पण जॉब शीट पूर्ण भरलेली पाहिजे, हेही त्यांनीच सांगितलं. जॉब शीट म्हणजे मशीनबरोबरचा कागद. त्यावर जोडणाऱ्याची सही असते आणि टेस्ट करणाऱ्याची.

जोडणारी सारिका होती. जिंतूरची. वय सत्तावीस. आमच्याकडे येण्याआधी ती निघोजेच्या एका कंपनीत वायर हार्नेसच्या, म्हणजे गाड्यांच्या वायरींचे जुडगे बांधायच्या लाइनवर होती, त्याआधी चाकणच्या आणखी दोन कंपन्यांत. तिथली पद्धत इकडच्या लोकांना माहीत आहे. कंत्राटावरच्या कामगाराला सात महिने झाले की ‘ब्रेक’ देतात. म्हणजे घरी पाठवतात, मग परत नव्यानं घेतात किंवा घेत नाहीत. सलग भरलं तर तो पक्का होईल, म्हणून. सारिकाला असे चार ब्रेक मिळाले होते. आमच्या दुकानात ती पगार कमी असूनही आली, कारण सरांनी सांगितलं होतं की दिवाळीच्या पाडव्याला पक्कं लेटर देईन. तिनं ते लेटर ठेवायला आधीच एक प्लास्टिकचं फोल्डर आणून ड्रॉवरमध्ये ठेवलं होतं. आम्ही तिला त्यावरून चिडवायचो.

‘‘फोल्डरला हवा तरी दाखव, सारिका. बुरशी येईल.’’

‘‘येऊ द्या दादा. आत कागद आला की पुसून घेते.’’

हात इतका साफ होता तिचा, की वायरी कुठून गेल्या ते मशीन उघडल्यावरही दिसायचं नाही. हार्नेसच्या लाइनवर शिकली होती ते.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. भोसरीच्या वर्कशॉपपासून आमच्या दुकानापर्यंत सगळीकडे. आमची हत्यारं म्हणजे स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, मल्टिमीटर. ती एकदा पूजेला मांडली की दुसऱ्या दिवशीपर्यंत उचलायची नाहीत. पूजा पाचची ठरली होती. पण भटजींना पुढे आणखी दोन कंपन्या करायच्या होत्या, ते चारलाच आले. सर हातात मोठं ताट घेऊन वर्कशॉपमध्ये आले.

‘‘चला, द्या रे हत्यारं. भटजी थांबलेत.’’

सारिकाच्या हातात आण्णांच्या मशीनचा कूलर होता. बारावं मशीन. दोन आदल्या दिवशी झाली होती, सकाळपासून तिनं नऊ जोडली होती.

‘‘सर, दहा मिनिटं,’’ ती म्हणाली.

‘‘दोन.’’

तिनं प्रोसेसरवर पेस्ट, म्हणजे उष्णता कूलरपर्यंत नेणारा लेप, लावली, कूलर ठेवला, चार स्क्रू आवळले आणि स्क्रू ड्रायव्हर ताटात ठेवला. तो तिचा स्वतःचा होता, लाल मुठीचा. सरांनी त्याला कुंकू लावलं.

पूजा झाल्यावर ती माझ्याजवळ आली. ‘‘दादा, टेस्ट नाही करायलो का आपण? निदान आण्णांचं तरी पाच मिनिटं लावून बघू. घाईत बसवलं मी ते.’’

‘‘सरांनी नको सांगितलंय.’’

‘‘पाचच मिनिटं. कोणाला कळायलंय?’’

‘‘सारिका, नको म्हटलंय ना.’’

आणि मी शीटवर सही केली. ‘स्ट्रेस टेस्ट चार तास, ओके.’ बाराच्या बारा शीटवर. माझं अक्षर चांगलं आहे. शाळेत त्याबद्दल बक्षीस मिळालं होतं.

दसऱ्याच्या सकाळी आण्णा मशीन न्यायला आले ते हळद-कुंकू घेऊनच. दुकानातच पहिलं स्वस्तिक काढणार होते, मशीनच्या पुढच्या जाळीवर. सारिकानं त्यांना थांबवलं. ‘‘आण्णा, कुंकू जाळीवर नका लावू, पंखा आत ओढून घेतो. काचेवर लावा.’’ आण्णा हसले. ‘‘हुशार हाय की पोरगी.’’

तर, मशीन दुकानात आणलं. टेबलावर ठेवलं. सारिका समोरच होती. माझा चेहरा बघून उठून आली. सरही आले. मी चार स्क्रू काढले आणि कूलर उचलला.

कूलरच्या तळाला पारदर्शक फिल्म होती. नवीन कूलरच्या तळाला ओरखडे पडू नयेत म्हणून ती चिकटवलेली असते. बसवण्याआधी काढायची असते, तिच्यावर तसं छापलेलंही असतं. पेस्ट तिच्यावर पसरलेली होती आणि उष्णतेनं कडा सुरकुतल्या होत्या. एका पातळ प्लास्टिकमुळे तवा गार राहिला होता. त्याच्यासाठी आण्णांचं शोकेस कापलं गेलं होतं.

‘‘कुणी बसवलाय हा?’’ सरांनी विचारलं. त्यांना माहीत होतं.

‘‘मी, सर,’’ सारिका म्हणाली.

‘‘फिल्म नाही काढलीस?’’

‘‘नाही. राहिली माझ्याकडून.’’

तिनं ताटाचं नाव घेतलं नाही, दोन मिनिटांचं घेतलं नाही. नऊ मशीनचंही नाही. माझ्याकडे एकदा बघितलं फक्त.

सर म्हणाले, ‘‘आण्णांचा सकाळीच फोन होता. म्हणाले, ज्यानं हे केलंय तो माणूस मला तुमच्या दुकानात दिसता कामा नये. पुतण्याचं काम हातचं जाईल. मी काय करू, सांगा.’’



मग मी बोललो. मला वाटतं, अकरा वर्षांत सरांसमोर बोललेलं ते पहिलं वाक्य असेल, ज्यात होकार नव्हता.

‘‘सर, टेस्ट झाली असती तर दहा मिनिटांत सापडलं असतं.’’

सरांनी फाइल उघडली. आण्णांची शीट काढली आणि माझ्यासमोर धरली.

‘‘टेस्ट झालीये की. ही तुझी सही आहे ना?’’

सही माझीच होती.

‘‘की नाही झाली? नसेल झाली तर सांग. मग मला वेगळं काहीतरी बघावं लागेल.’’ आवाज चढलेला नव्हता. शिकवायचे त्याच आवाजात बोलत होते. ‘‘सांग दिगंबर. झाली की नाही?’’

मला एवढंच म्हणायचं होतं, की नाही झाली, तुम्हीच नको म्हणालात. साधं वाक्य होतं. वडिलांनी भूमहून निघताना सांगितलं होतं, ज्यानं काम दिलं त्याला उलटून बोलू नकोस. पण त्याच्यावर ढकलण्यात अर्थ नाही. वडिलांना स्ट्रेस टेस्ट माहीत नव्हती. मी घाबरलो, हे खरं कारण आहे. घराचे हप्ते, मुलीची शाळा, आणि अकरा वर्षांत कमावलेलं ‘इनचार्ज’ हे नाव.

‘‘झाली, सर,’’ मी म्हणालो.

सारिकानं मान खाली घातली. लाज मला वाटायला हवी होती, आणि मान तिची खाली गेली. ते अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

‘‘तुला काढत नाहीये मी,’’ सर तिला म्हणाले. ‘‘एवढं मनाला लावून घेऊ नकोस. जरा ब्रेक देतोय. दिवाळीनंतर शांत झालं की बघू.’’

‘‘ब्रेक मला माहितीये, सर,’’ ती म्हणाली.

ड्रॉवर उघडून तिनं डबा काढला, ओढणी काढली. फोल्डर काढलं, क्षणभर हातात धरलं आणि परत आत ठेवलं. तिचा लाल स्क्रू ड्रायव्हर माझ्या टेबलावर होता, आण्णांचा कूलर मी त्यानंच उघडला होता. मुठीवर खंडेनवमीचं कुंकू अजून होतं. तो घेतला. दारापर्यंत गेली आणि वळली.

‘‘दादा, जुनी पेस्ट पूर्ण पुसून घ्या. प्रोसेसरच्या कडेला गेलीय ती पण. नाहीतर परत तापायचं.’’

मी पेस्ट पूर्ण पुसली. कडेचीसुद्धा. फिल्म काढली, नवीन पेस्ट लावली, कूलर बसवला आणि या वेळी टेस्ट लावली. घड्याळ लावून चार तास समोर बसलो. प्रोसेसर अडुसष्टच्या वर गेला नाही. दुसऱ्या दिवशी चऱ्होलीला नेऊन लावून दिलं. आण्णांनी अर्धा तास नांगरणी केली. आकडा नव्वदच्या खाली आला नाही. तास सरळ गेलं, या बांधापासून त्या बांधापर्यंत.

‘‘आत्ता कसं!’’ आण्णा म्हणाले. ‘‘काय झालं व्हतं रं?’’

‘‘आतला एक पार्ट नीट बसला नव्हता,’’ मी म्हणालो.

पुतण्याच्या ऑफिसचं काम आम्हालाच मिळालं. पाडव्याला सरांनी स्टाफसमोर मला शाल आणि नारळ दिला. अवघड फॉल्ट शोधून काढला म्हणून. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. फोटो काढला. तो दुकानात काउंटरमागे लावलेला आहे. त्यात मी हसतोय.

दिवाळीनंतर शांत झालं. सारिकाला कुणी फोन केला नाही. तिच्या जागी नवीन माणूस आला. मी सरांना एकदा आठवण केली, तर म्हणाले, ‘‘आण्णा चऱ्होलीचे आहेत रे, दुकानात येत-जात असतात. कशाला डोळ्यांसमोर?’’

फेब्रुवारीत आण्णांचा फोन आला. मशीनमध्ये धूळ साठली असेल, साफ करून दे म्हणाले. मी ब्लोअर घेऊन गेलो. शोकेसच्या मागच्या भगदाडाला त्यांनी जाळी लावून घेतली होती. आता ते चांगलं दिसत होतं. मी मशीन उघडलं, ते शेजारी खुर्चीत बसून बघत होते.

‘‘ती पोरगी कुठाय रं? दसऱ्याला व्हती ती. मला म्हनली, कुंकू जाळीवर नका लावू. दोनदा दुकानात आलो, दिसली न्हाई.’’

मी ब्लोअर बंद केला.

‘‘तिला काढलं, आण्णा.’’

‘‘का?’’

‘‘तुमच्या मशीनमध्ये जी चूक झाली होती, ती तिची होती. तुम्हीच म्हणाला होता ना सरांना, की तो माणूस दुकानात दिसता कामा नये.’’

आण्णा खुर्चीत पुढे सरकले. ‘‘मी? मी कवा म्हनलो?’’

‘‘सर म्हणाले...’’

‘‘आरं, मी तुज्या सायबाला फोन केला, तवा यवढंच म्हनलो, की शोकेस फाडलं ते फाडलं, त्याचं काय न्हाई, पन मशीन नीट करून द्या. कुनाला काढा म्हनायला मला काय पडलंय? चार येळा बैल गाडा सोडून पळाला तरी मी कदी गड्याला काढलं न्हाई.’’ ते मशीनकडे वळले. ‘‘काय चुकली व्हती ती?’’

मी सगळं सांगितलं. फिल्म, ताट, दोन मिनिटं. पहिलं बटण त्यांच्या हातानं हवं म्हणून टेस्ट केली नाही, तेही. शेवटी शीट आणि सही. सुरुवात केल्यावर मला थांबता येईना.

‘‘म्हंजी माजं बटान,’’ आण्णा हळू म्हणाले. मग विचारलं, ‘‘आन् न केलेल्या टेस्टवर सही कुनाची व्हती?’’

‘‘माझी.’’

त्यांनी स्टिअरिंगवर बोटं फिरवली. रागावलेले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं.

‘‘मंग तू कसा काय हाईस अजून तिथं?’’

त्यांना खरोखरच माहीत नव्हतं, म्हणून विचारलं होतं.  सूनबाईंनी चहा आणला. मी तो प्यायलो, मशीन बंद करून लावून दिलं आणि निघालो.

परत येताना मोशीजवळ गाडी बाजूला घेऊन सारिकाला फोन लावला. चार महिन्यांत पहिल्यांदा. ती चाकणला एका कंपनीत होती, परत हार्नेसच्या लाइनवर, कंत्राटावर. मी म्हणालो, चूक माझीही होती, मी सरांशी बोलतो, तू परत ये.

‘‘राहू द्या दादा,’’ ती म्हणाली. ‘‘इथं बरंय. ब्रेक इथं पण आहे, पण घेतानाच तारीख सांगायलेत.’’

मागे हॉर्न वाजला. तिची शिफ्टची बस आली होती.

मी सरांशी बोललो. त्याच संध्याकाळी. टेस्ट झाली नव्हती, मी खोटी सही केली होती, असं लिहून त्यांच्या टेबलावर ठेवलं. सरांनी वाचलं, घडी घातली आणि खिशात ठेवलं. ‘‘झालं ते झालं. नवीन माणूस चांगला आहे की आता,’’ म्हणाले. कागदाचं पुढे काही झालं नाही. माझंही नाही. तिथेच आहे मी, इनचार्ज. वेळेवर बोललो असतो तर त्या वाक्याला एका नोकरीची किंमत असती, तिची वाचली असती नाहीतर माझी गेली असती. चार महिन्यांनी त्याची काहीच किंमत नव्हती, म्हणूनच ते इतकं सोपं गेलं.

यंदाच्या खंडेनवमीला भटजी वेळेवर आले. मी सगळी हत्यारं ताटात ठेवली, पण त्याआधी तीन दिवस एकेक मशीन चार-चार तास चालवून घेतलं. दोन मशीन करायची राहिली. त्यांच्या शीटवर मी टेस्टच्या रकान्यात ‘केली नाही’ असं लिहून सही केली. सरांना ते आवडलं नाही. गिऱ्हाइकांनी वाचलं नाही. मुहूर्त कुणाचाही चुकला नाही.

लोक विचारतात, नवीन मशीनवर गेम अडकत असेल तर काय बघायचं? मी सांगतो, आधी केबल बघा, मग स्क्रीनची सेटिंग, मग ड्रायव्हर. मग मागच्या हवेपुढे हात धरा. एवढं करूनही सापडलं नाही तर दुकानातून जॉब शीट मागून घ्या. टेस्टच्या रकान्यात कुणाची सही आहे ते बघा, आणि त्या माणसाला समोर बसवून विचारा, की सही केलीस तेव्हा मशीन चालू तरी होतं का.